एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट: काय लिहायचं, काय गाळायचं (अमेरिका मुख्यतः, जर्मनी-यूके प्रतिसादांत)

खडूफळा

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतची एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) कशी लिहायची, हा एकच प्रश्न इथे चार धाग्यांत विचारला जातो आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकत्र धागा. एमएस आणि पीएचडी दोन्हीसाठी लिहितोय, फरक असेल तिथे सांगतो.

पहिली गोष्ट, मागितलंय काय ते नीट वाचा. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' आणि 'पर्सनल स्टेटमेंट' हे शब्द बरीच विद्यापीठं एकाच अर्थाने वापरतात, पण सगळी नाही. बर्कलीला दोन वेगळे कागद लागतात: एक स्टेटमेंट ऑफ पर्पज, दुसरं पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट. मिशिगनलाही दोन. अशा ठिकाणी पहिल्यात तुमचं काम आणि पुढचा अभ्यास येतो. दुसऱ्यात तुम्ही कुठल्या परिस्थितीतून इथवर आलात आणि त्याचा उच्च शिक्षणाच्या निर्णयाशी काय संबंध, हे येतं. पहिल्यातलाच मजकूर शब्द फिरवून दुसऱ्यात टाकला की एक कागद फुकट गेला. जिथे एकच कागद मागतात तिथे वरचं नाव काहीही असो, खाली दिलेला प्रश्न वाचा. 'तुमची संशोधनाची आवड आणि तयारी सांगा' असं असेल तर तो एसओपीच आहे.

दुसरी गोष्ट, वाचणारा कोण. पीएचडीला विभागातले प्राध्यापकच वाचतात. समोर तुमची मार्कशीट, सीव्ही आणि तीन शिफारसपत्रं असतात, आणि असे गठ्ठेच्या गठ्ठे असतात. सीजीपीए, स्पर्धेतला नंबर, कोर्सेसची यादी हे सगळं त्याला दुसरीकडे दिसतंच. एसओपीत त्याला हवं असतं ते यादीत मावत नाही: हा प्रश्न का घेतला, हीच पद्धत का वापरली, काय फसलं, फसल्यावर काय केलं.

मर्यादा दिली नसेल तर साधारण १००० शब्द, म्हणजे सिंगल स्पेसमध्ये दोन पानं. ११ किंवा १२ पॉइंट, चारही बाजूंना एक इंच समास. पीएचडीसाठी वाटणी ढोबळमानाने अशी ठेवा: सुरुवात ८०-१०० शब्द, केलेलं संशोधन किंवा प्रकल्प ४५०-५००, इतर तयारी (नोकरी, शिकवणं, महत्त्वाचा एखादा कोर्स) १००, हाच विभाग का २००-२५०, पुढचं उद्दिष्ट ५०-८०. कोर्सवर्कवाल्या एमएसला संशोधनाचे शंभर-दीडशे शब्द कमी करून नोकरीतल्या कामाला द्या आणि उद्दिष्टही जास्त ठोस लिहा. ५०० शब्दांची मर्यादा असेल तर सगळं निम्मं करू नका. एक प्रकल्प पूर्ण ठेवा, दुसरा काढून टाका.

सुरुवातीबद्दल. "लहानपणापासून मला यंत्रं उघडून पाहायची आवड होती" हे वाक्य ज्या गठ्ठ्यात नाही असा गठ्ठा सापडायचा नाही. कलामसाहेबांचं किंवा आइनस्टाइनचं वाक्य, शब्दकोशातली व्याख्या, "आजच्या वेगवान युगात" हे सगळं त्याच पोत्यातलं. पहिल्या दोन-तीन वाक्यांत तुमचा प्रश्न सांगा: कुठल्या विषयातला, नेमका कुठला पेच, आणि कुठल्या पदवीसाठी अर्ज. बास. दार उघडायला तेवढं पुरतं.

बाकी प्रतिसादांत बोलू.

गवतीचहा

छान धागा. जर्मनीचं वेगळं लिहिते, कारण तिथे अमेरिकेची एसओपी जशीच्या तशी पाठवणारे खूप आहेत.

जर्मनीत त्याला 'मोटिवेशन लेटर' म्हणतात आणि ते सहसा एक ते दोन पानांचं असतं. सरकारी विद्यापीठं आधी बघतात तुमची बीई किंवा बीएस्सी त्यांच्या अभ्यासक्रमाशी विषयवार जुळते का. गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, असा हिशोब असतो (त्यांचा एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट). म्हणून पत्रात त्यांच्या मॉड्यूल हँडबुकमधल्या (अभ्यासक्रमातल्या विषयांची माहिती देणारी पुस्तिका) दोन-तीन मॉड्यूलची नावं घ्या आणि आपला कुठला विषय, कुठला प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्ट त्याचा पाया आहे ते सरळ जोडा. "तुमच्या देशाची तांत्रिक परंपरा, शिस्त, मोटारी" यावर परिच्छेद लिहू नका, ते त्यांना माहीत आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी बऱ्याच मास्टर्सना प्रवेशासाठी जी पात्रता तपासणी असते तिच्यात हे पत्रही धरलं जातं, त्यामुळे त्याला फक्त सोपस्कार समजू नका.

आणि पत्राशी संबंध नसला तरी: भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. पत्र घासूनपुसून तयार आणि एपीएसचा अर्जच केलेला नाही, असं करू नका.

यूके: 'यूकॅसची (तिथले पदवीचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) ४००० अक्षरं' हा नियम पदवीच्या प्रवेशाचा आहे, स्पेस धरून. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचेही तीन प्रश्न केलेत. मास्टर्सचे अर्ज बहुतेक थेट विद्यापीठाकडे जातात आणि मर्यादा त्या-त्या कोर्सच्या पानावर असते. नेटवर सापडणारे यूकॅसचे नमुने बघून मास्टर्सचं लिहू नका, ते बारावीच्या मुलांसाठी आहेत.

कोरा_कागद

खडूफळा सर, "काम सांगा" म्हणजे नेमकं कसं? बीईचा प्रोजेक्ट सगळ्यांचाच असतो. गटात चारजण, गाईड एक, विषय नेटवरून घेतलेला. त्यात वेगळं काय लिहिणार?

खडूफळा

@कोरा_कागद, सर वगैरे नको. प्रश्न मात्र बरोबर जागी लागलाय. एक नमुनाच दाखवतो. प्रत्यक्षात इंग्रजीत असेल, इथे मराठीत लिहितोय. आकडे कल्पित आहेत.

असं लिहिलं जातं:

"शेतकऱ्यांना मदत करण्याच्या तळमळीने आम्ही अंतिम वर्षात डीप लर्निंगवर आधारित, पिकांवरचे रोग ओळखणारी अभिनव प्रणाली विकसित केली. तिची अचूकता ९८ टक्के होती. या प्रकल्पातून मला संघभावना, वेळेचं नियोजन आणि नेतृत्व शिकायला मिळालं."

यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काही नाही. 'आम्ही' म्हणजे कोण, तुम्ही काय केलंत, ९८ कशावर, कशाच्या तुलनेत. उरलं काय, तर संघभावना. आता हे बघा:

"चौघांच्या गटात टोमॅटोच्या पानांवरचा लवकर आणि उशिरा येणारा करपा ओळखणारं मॉडेल केलं. फोटो गोळा करणं आणि चाचणी माझ्याकडे होती. प्लांटव्हिलेजच्या फोटोंवर अचूकता ९८ टक्के आली, पण नारायणगावजवळच्या दोन शेतांत मोबाईलवर काढलेल्या ४१२ फोटोंवर ती ५७ वर आली. चुकलेले फोटो वेगळे काढून पाहिले तेव्हा बहुतेकांत पानामागे माती किंवा दुसरी पानं होती. शेतातले काही फोटो प्रशिक्षणात घेतल्यावर ८३ मिळाले. नंतर लक्षात आलं की एकाच झाडाचे फोटो प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे गेले होते. झाडानुसार विभागणी केल्यावर ६९ उरले. नव्या शेतावर मॉडेल नेमकं कशामुळे ढासळतं, हे फोटो वाढवण्याआधी मोजता येईल का, हा प्रश्न मला तिथून पडला."

प्रोजेक्ट तोच, नेटवरून घेतलेलाच. पण दुसऱ्या परिच्छेदात गटातला तुमचा वाटा आहे, आकडा कशावर आहे ते आहे, स्वतःची चूक (मॉडेलने शिकताना पाहिलेलंच झाड परीक्षेलाही आलं, म्हणून ८३ फुगलेले होते) स्वतः पकडलेली आहे, आणि शेवटच्या वाक्यात पुढच्या संशोधनाचा प्रश्न आपोआप आलाय. 'नेतृत्व', 'चिकाटी' हे शब्द नाहीत. चिकाटी दिसते.

सहावी_खिडकी

पण ९८ सोडून ६९ सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा नाही का? बाकीचे सगळे ९८-९९ लिहिणार.

तळटीप

@सहावी_खिडकी, उलट आहे. प्लांटव्हिलेज हा सार्वजनिक संच आहे, ५४,३०६ फोटो, १४ पिकं. बहुतेक फोटो एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या सुट्या पानांचे आहेत. त्यावर २०१६ सालीच ९९.३५ टक्के अचूकता प्रसिद्ध झालेली आहे, आणि त्याच निबंधात हेही दिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. त्या विषयातल्या प्राध्यापकाला हे तोंडपाठ असतं. त्यामुळे नुसतं ९८ वाचून तो मनात म्हणणार, म्हणजे याने शेतात नेऊन पाहिलंच नाही. ६९ कसं आलं हे सांगणारा विद्यार्थी त्याला उद्यापासून कामाला लावता येईल असा वाटतो.

हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं नाही. काँक्रीटच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद असो की रिअ‍ॅक्टरचा यील्ड, आपला आकडा त्या विषयात नेहमी येणाऱ्या आकड्याशेजारी ठेवा. शेजारी काही नसलेला आकडा म्हणजे पाटी नसलेली एसटी.

लालपेन

भाषेबद्दल मी लिहिते. आपल्या इंग्रजीतले काही शब्द तिकडे वेगळा अर्थ देतात किंवा अर्थच देत नाहीत.

'पास्ड आउट इन २०२३': तिकडे याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडलो. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'एसई, टीई, बीई' कुणाला कळत नाही. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, शेवटचं वर्ष असं लिहा. 'केटी', 'एटीकेटी', 'टर्मवर्क', 'ओरल्स', 'सबमिशन' हे आपल्या कॉलेजच्या कॉरिडॉरबाहेर चालत नाहीत. 'एचओडी'चं पूर्ण रूप लिहा. लाख-कोटी काढून आकडा पूर्ण लिहा, आणि स्वल्पविराम त्यांच्या पद्धतीने, तीन-तीन अंकांवर. 'फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन' लिहायचंच असेल तर तो किती टक्क्यांना मिळतो ते सोबत लिहा. विद्यापीठाचं नाव मार्कशीटवर आहे तसंच. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, तरी अजून कुणी एसओपीत जुनं लिहितं आणि ट्रान्सक्रिप्टवर वेगळं दिसतं.

'एस्टीम्ड युनिव्हर्सिटी', 'रिनाउन्ड फॅकल्टी', 'स्टेट ऑफ द आर्ट लॅब्स': हे तीन शब्द पुसले की वाक्यात काय उरतं ते बघा. बहुतेक वेळा काहीच उरत नाही, मग वाक्यही पुसा.

आणि 'आम्ही'. मराठीत 'मी केलं' म्हणणं जरा उद्धट वाटतं, म्हणून आपण आपसूक 'आम्ही' म्हणतो. एसओपीत तो संकोच महागात पडतो. गटाचं ते 'आम्ही', आपलं ते 'मी', दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत.

कोरा_कागद

केटीवरून आठवलं. तिसऱ्या सेममध्ये दोन केट्या असतील तर लिहायचं की गप्प बसायचं?

खडूफळा

ट्रान्सक्रिप्टवर दिसत असेल आणि नंतर सुधारणा झाली असेल तर दोन वाक्यं. कारण, आणि त्यानंतर काय झालं. "तिसऱ्या सत्रात दोन विषयांत नापास झालो, पुढच्या सत्रात दोन्ही सोडवले, पाचव्यापासून आठव्या सत्रापर्यंत सरासरी इतकी." आजारपण, घरचा प्रसंग असं खरं कारण असेल तर एका उपवाक्यात. कारण नसेल तर बनवू नका, नुसती सुधारणा दाखवा. परीक्षा पद्धतीला, पेपर तपासणाऱ्याला, ऐनवेळी बदललेल्या अभ्यासक्रमाला दोष देऊ नका. खरा असला तरी.

जागा महत्त्वाची. पहिल्या परिच्छेदात नको, शेवटच्यातही नको. मध्ये कुठेतरी, आणि लगेच कामाकडे वळायचं. काही अर्जांत 'अतिरिक्त माहिती' अशी वेगळी चौकट असते, ती असेल तर तिथेच लिहा आणि एसओपीत अक्षरही नको. गणितात नापास आणि अर्ज मशीन लर्निंगला, असं असेल तर मात्र नंतर गणिताचं काय केलं ते एसओपीत आलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा तिथेच अडखळणार.

निळीशाई

सगळं इंजिनिअरिंगचंच चाललंय, म्हणून इतिहास-समाजशास्त्रवाल्यांसाठी.

इथे एसओपीसोबत लेखनाचा नमुना मागतात, बहुतेक १५ ते २५ पानं. एसओपी आणि नमुना एकमेकांशी बोलले पाहिजेत. नमुना पेशवाईतल्या वतनाच्या तंट्यावर आणि एसओपी आधुनिक शहरांवर, असं असेल तर मधला पूल तुम्हीच बांधायचा.

दुसरं, साधनांची भाषा. दक्षिण आशियाच्या इतिहासाला अर्ज करणाऱ्या मराठी मुलांकडे एक गोष्ट असते ती नीट वापरली जात नाही: मोडी. "मला मोडी येते" एवढंच लिहितात. सर्टिफिकेट कोर्स केलेला छापील वळणाची मोडी वाचतो, प्रत्यक्ष कागदावरची घसटलेली वाचता येईलच असं नाही, आणि हा फरक तिकडच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असतो. म्हणून नेमकं लिहा. कुठल्या काळातले कागद, कुठल्या प्रकारचे (महजर म्हणजे तंट्याचा साक्षीदारांसह लिहिलेला निवाडा, जमाबंदी, खाजगी पत्रं), अंदाजे किती वाचले, कुठे वाचले. पेशवे दफ्तर की भारत इतिहास संशोधक मंडळ की एखाद्या घराण्याचा खाजगी संग्रह. आणि एक कागद जवळून दाखवा. समजा महजर आहे: साक्षीदारांच्या यादीत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांची नावं आणि निशाण्या कशा क्रमाने येतात, आणि त्या क्रमावरून तुम्हाला कुठला प्रश्न पडला. चार वाक्यांत एवढं आलं की 'आर्काइव्हल रिसर्चची आवड' हे शब्द लिहायला नकोत.

सिद्धांतकारांच्या नावांची माळ मात्र ओवू नका. एका परिच्छेदात पाच फ्रेंच नावं आली की वाचणाऱ्याला कळतं, यातलं एक धड वाचलंय.

गवतीचहा

@निळीशाई +१. महजराचं उदाहरण फार आवडलं.

सहावी_खिडकी

'हाच विभाग का' या भागाबद्दल कुणीतरी लिहा. दहा विद्यापीठं, दहा वेगळे परिच्छेद? तीन प्राध्यापकांची नावं टाकली की झालं असं कन्सल्टन्सीवाले सांगतात.

खडूफळा

दहा वेगळे परिच्छेद, हो. बाकी एसओपीचा ८० टक्के भाग तोच राहू शकतो, पण हा प्रत्येक वेळी नव्याने. एका विद्यापीठाला अडीच-तीन तास लागतात, म्हणून यादी २० ची करू नका.

करायचं असं. विभागाच्या पानावरून दोन-तीन प्राध्यापक निवडा. प्रत्येकाच्या स्वतःच्या किंवा लॅबच्या पानावर जाऊन चार गोष्टी तपासा: निवृत्त तर नाहीत ना (नावापुढे 'इमेरिटस' असेल तर सहसा नवा विद्यार्थी घेत नाहीत), सॅबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) किंवा दुसऱ्या विद्यापीठात चाललेत का, याच विभागातून विद्यार्थी घेतात का, आणि यंदा घेणार नाही असं लिहिलंय का. ही ओळ पुष्कळजण स्पष्ट लिहितात, आणि तरी त्यांच्या नावाने परिच्छेद जातात. मग गेल्या दोन-तीन वर्षांतले त्यांचे दोन निबंध काढा. गोषवारा, प्रस्तावना आणि शेवटचा मर्यादांचा भाग तरी वाचा. मर्यादांच्या भागात त्यांनी स्वतःच पुढचे प्रश्न लिहिलेले असतात.

"प्राध्यापक अमुक यांचं मशीन लर्निंगमधलं काम प्रेरणादायी आहे" यात नाव बदललं तरी वाक्य चालतं. म्हणजे वाक्य बाद. "त्यांनी मॉडेल एका प्रदेशातून दुसऱ्यात नेताना होणारी घट अमुक पद्धतीने मोजली, माझ्या फोटोंत प्रदेश तोच होता, फरक पार्श्वभूमीचा होता, तिथे ती पद्धत लागू पडते का हे पाहायचं आहे" यात नाव बदलता येत नाही. हीच कसोटी.

तीनपेक्षा जास्त नावं नकोत. एकच नाव घेणंही जोखमीचं, त्यांच्याकडे त्या वर्षी जागा नसली तर प्रश्न येतो. कोर्सवर्कच्या एमएसला प्राध्यापकांऐवजी दोन विशिष्ट कोर्स किंवा कॅपस्टोन प्रोजेक्ट (पदवीच्या शेवटी करायचा मोठा प्रकल्प) धरा.

लालपेन

कन्सल्टन्सीचा विषय निघालाच आहे तर. तयार साचे मिळतात, त्यात रकाने भरायचे. अडचण अशी की एकाच कॉलेजची, एकाच शाखेची आठ-दहा मुलं एकाच विद्यापीठाला अर्ज करतात, आणि तो गठ्ठा एकाच समितीपुढे जातो. दोन कागदांत तिसरा परिच्छेद सारखा निघाला की दोघांचंही नुकसान. व्याकरण तपासून घ्या, खुशाल पैसे द्या. लिहून घेऊ नका.

चॅटजीपीटीचंही तेच. आधी त्या विद्यापीठाचा नियम वाचा. काही ठिकाणी भाषा सुधारण्यापुरतं चालतं, काही ठिकाणी मजकूर सर्वस्वी तुमचाच असल्याचं लिहून द्यावं लागतं. नियम बाजूला ठेवला तरी, त्याच्याकडून लिहून घेतलेल्या एसओपीत नेमकी ती ४१२ फोटो आणि ६९ टक्क्यांची गोष्ट नसते, कारण ती त्याला माहीतच नसते. तुम्ही सांगितली तर तो तिला गुळगुळीत करून देतो. "या अनुभवाने माझी दृष्टी व्यापक केली" छापाचं वाक्य शेवटी हमखास चिकटवतो, ते कापा.

एक उपाय. मित्राला फोनवर मराठीत दहा मिनिटं प्रोजेक्ट समजावून सांगा आणि रेकॉर्ड करा. ऐकताना जिथे तो "थांब, म्हणजे काय?" म्हणतो ती जागा लिहून ठेवा. मसुद्याचा सांगाडा तिथे मिळतो.

तळटीप

@लालपेन, थोडी असहमती. सांगाड्यापुरतं ठीक, पण मराठी वाक्य मनात ठेवून इंग्रजी लिहिलं की क्रियापद शेवटाला जातं आणि चार ओळींचं एक वाक्य होतं. मुद्दे मराठीत, वाक्यं सुरुवातीपासून इंग्रजीत. एका वाक्यात २५ शब्दांच्या वर गेलात की तोडा.

लालपेन

मान्य. मुद्देच म्हणायचं होतं.

निळीशाई

पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंटवर फारसं कुणी बोललं नाही. तिथे दोन टोकं दिसतात. एक, "सांगण्यासारखं काही नाही, मध्यमवर्गीय घर" म्हणून एसओपीच पुन्हा लिहायची. दुसरं, दुःखाची जंत्री. दोन्ही नको. परिस्थितीने शिक्षणावर नेमका काय परिणाम केला ते लिहा. तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा दीड-दीड तास, शेवटची एसटी संध्याकाळी सहाची, त्यामुळे सहानंतरची लॅब कधी मिळाली नाही. मग सिम्युलेशनवर काम वळवलं. यात कुणाची दया मागितलेली नाही, पण कामाची दिशा का वळली ते कळतं. मराठी माध्यमातून दहावी, घरातली पहिली पदवी, लहान भावंडांची जबाबदारी, याचंही तसंच: परिस्थिती एका वाक्यात, तिने काय बदललं ते दोन वाक्यांत. जात किंवा लिंग यावरून भेदभाव सोसलेला असेल तर तो लिहायची जागा हीच आहे, पण तिकडच्या वाचकाला संदर्भ माहीत आहे असं धरू नका. 'राखीव जागा' या शब्दाचाही त्याला अर्थ लागेल असं नाही.

कोरा_कागद

शिफारसपत्रांबद्दल एक. बरेच सर सांगतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग काय करायचं?

खडूफळा

पूर्ण पत्र लिहून नेऊ नका, आणि त्यात तुमचाच तोटा आहे. तीन पत्रं आणि एसओपी, चारही एकाच हाताची असली की लपत नाही: तीच विशेषणं, तीच वाक्यांची लांबी. त्याऐवजी एक पान मुद्दे द्या. त्यांच्याकडे कुठला विषय घेतला, किती गुण, प्रोजेक्टमध्ये कुठल्या महिन्यात काय केलं, त्यांनी स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग, डेडलाईनची यादी. चार आठवडे आधी. आणि तिघांना वेगवेगळे मुद्दे. एक प्रोजेक्टवर बोलेल, एक वर्गातल्या कामावर, एक इंटर्नशिपवर. एसओपीत जागेअभावी न मावलेलं तिथे जातं.

ईमेल कॉलेजच्या डोमेनचा असावा. साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राची शहानिशा करावी लागते, काही पोर्टल तो पत्ता घेतच नाहीत. कॉलेजने मेल दिलेला नसेल तर ऑफिसला आताच अर्ज करा, डिसेंबरात नको. फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का असं विचारतात, तिथे सहसा 'सोडतो' निवडतात. नाहीतर पत्र लिहिणारा मोकळेपणाने लिहिणार नाही असं मानलं जातं.

गवतीचहा

शेवटच्या आठवड्यात काय-काय बिघडतं ते लिहून ठेवते.

एका विद्यापीठाच्या फाईलमध्ये दुसऱ्याचं नाव. सगळ्यांना माहीत असतं आणि तरी होतं. मजकुरात शोधून बदलता, पण पीडीएफच्या 'टायटल' या आतल्या नोंदीत जुनं नाव तसंच राहतं, आणि ब्राउझरमध्ये उघडली की वर टॅबवर तेच झळकतं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघा. नावाचं लघुरूप आणि शहराचं नाव वेगवेगळं शोधा, नुसतं पूर्ण नाव शोधून पुरत नाही.

चौकटीत चिकटवायचा मजकूर असेल तर वर्डमधली वाकडी अवतरणचिन्हं आणि लांब डॅश कधीकधी प्रश्नचिन्हं होतात. आधी नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून उचला. मर्यादा अक्षरांची असेल तर स्पेस आणि परिच्छेदामधल्या रिकाम्या ओळीही मोजल्या जातात; वर्डचा आकडा आणि पोर्टलचा आकडा १०-२० ने वेगळा निघतो. सबमिटच्या आधी प्रिव्ह्यूची पीडीएफ उतरवून शेवटची ओळ कापली नाही ना ते पाहा.

आणि व्हिसासाठी वेगळं निवेदन लागतं तिथे (कॅनडाच्या स्टडी परमिटला देतात तसं) विद्यापीठाची एसओपी जोडू नका. व्हिसा अधिकाऱ्याला पैसे कुठून येणार आणि हा कोर्स आत्ता का, हे हवं असतं. ते फोटो आणि करपा त्याच्या काय कामाचे. उलटही खरं: "शिकून भारतात परत येईन" हे प्राध्यापकांना लिहून सांगायची गरज नाही, तुमच्या कामाच्या आराखड्यात ते खरंच येत असेल तर गोष्ट वेगळी.

तळटीप

डेडलाईनच्या वेळेचंही. 'रात्री ११:५९' म्हणजे कुठली रात्र ते बघा. डिसेंबरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, पश्चिम किनाऱ्याची दुपारी १:२९. काही पोर्टल तुमच्या कॉम्प्युटरची स्थानिक वेळ धरतात. आपल्याकडची रात्र हीच डेडलाईन समजा.

सहावी_खिडकी

धागा वाचनखुणांत टाकला. @खडूफळा, मसुदे किती करायचे?

खडूफळा

चार-पाच. पहिला दीडपट लांब होऊ द्या, १५०० शब्द. मग दोन दिवस उघडू नका. दुसऱ्यात सगळी विशेषणं काढा. तिसरा विषयातल्या माणसाला द्या आणि विषयाबाहेरच्या माणसालाही. विषयातल्याला विचारा, "चूक काय आहे?" बाहेरच्याला विचारा, "मी काय करतो ते दोन वाक्यांत सांग." त्याला सांगता आलं नाही तर सुरुवात पुन्हा. "कसं वाटलं?" असं कुणालाच विचारू नका, छानच म्हणतात. चौथा मोठ्याने वाचा, श्वास लागतो तिथे वाक्य तोडा.

कोरा_कागद

आमच्या रिपोर्टमध्ये फक्त ९७.६ एवढंच लिहिलंय, कशावर ते नाही. सर्व्हरवर जुना कोड आहे का बघतो, आणि ट्रेन-टेस्टची विभागणी कशी केली होती ते आधी तपासतो.

तळटीप

@कोरा_कागद, मूळ फोटो फिरवून-उलटवून वाढवले असतील तर तेही बघा. आधी वाढवून मग विभागले असतील तर एकाच पानाच्या प्रती दोन्हीकडे गेल्या असणार.

कोरा_कागद

आधी वाढवलेत. आत्ताच पाहिलं. आज रात्री परत चालवतो.